‘मृत्युंजय’ वाचून झालं, आता पुढचं कोणतं?



आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही, शेळ्यांच्या लसीकरणाची आठवणही नाही. आज एका पुस्तकाच्या प्रश्नावर बोलायचं आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून मी गावोगाव फिरते. काही गटांनी महिन्याची बैठक संपली की अर्धा तास वाचनाचा ठेवला आहे. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी ऐकता ऐकता मेथी निवडते, कुणी गोधडीला टाके घालते. अशा दोन-तीन गटांकडून मला एकच प्रश्न आला: “ताई, शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ संपलं. फार आवडलं. आता त्यांचंच दुसरं घ्यायचं आहे. ‘छावा’ घेऊ का ‘युगंधर’?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर गटाचं वाचन टिकणार का मोडणार हे ठरतं. पहिलं पुस्तक नवलाईनं वाचून होतं. दुसरं पुस्तक मात्र सवयीनं वाचावं लागतं. ते चुकीचं निवडलं, तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कुणाला दळण आठवतं, कुणाच्या म्हशीची वेळ होते, आणि पुस्तक कपाटात जातं. पुस्तक वाईट होतं असं नसतं. त्या गटासाठी त्या वेळी ते योग्य नव्हतं, एवढंच.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ असं विचारू नका. ‘आपल्या गटाला आत्ता कोणतं झेपेल आणि रुचेल’ असं विचारा. हे कसं ठरवायचं, ते आज पाहू.

आधी लेखकाची ओळख

शिवाजी सावंत हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. जन्म १९४० चा. ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सत्तावीस. ते कोल्हापूरला शाळेत शिकवत होते. पुढे १९७९ मध्ये संभाजी महाराजांवरचं ‘छावा’ आलं आणि २००० मध्ये श्रीकृष्णावरचं ‘युगंधर’. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘मृत्युंजय’ला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, आणि हिंदीसह अनेक भाषांत ते गेलं. त्यांनी इतरही लिहिलं. सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या जीवनावरचं ‘लढत’ त्यांचंच. पण घराघरांत पोचली ती ही तीन जाडजूड पुस्तकं.

तीन पुस्तकांत एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्या. ‘मृत्युंजय’ आणि ‘युगंधर’ महाभारतावर, म्हणजे पुराणकथेवर उभी आहेत. ‘छावा’ इतिहासावर उभं आहे. संभाजी महाराज कधी जन्मले, कधी गादीवर बसले, कुठे पकडले गेले, याच्या नोंदी आहेत. कर्णाच्या जन्माची तारीख कुणाच्या दप्तरात नाही. पण तिन्ही पुस्तकांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लेखकाची कल्पना. म्हणूनच ती आपल्याला धरून ठेवतात.

डाळ कुणाची, फोडणी कुणाची

अशी कादंबरी वाचताना आपण तीन गोष्टी एकाच वाटीतून खात असतो. पहिली, जुन्या ग्रंथात किंवा कागदपत्रांत असलेली. दुसरी, कीर्तनातून, बखरीतून, नाटक-सिनेमातून, आजीच्या तोंडून आलेली. आणि तिसरी, लेखकानं स्वतः रचलेली. डाळ एकाची, पाणी दुसऱ्याचं, फोडणी तिसऱ्याची. खाताना वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. पण फोडणी लेखकाची आहे एवढं माहीत असावं.

‘मृत्युंजय’चंच बघा. त्यात कर्णाची बायको वृषाली स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते. ऐकताना कितीजणींनी डोळे पुसले असतील. पण व्यासांच्या महाभारतात कर्णाच्या बायका जवळजवळ पडद्याआड आहेत. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात गांधारी रणांगणाकडे बघत बोलते, तेव्हा कर्णाच्या प्रेतापाशी आक्रोश करणारी वृषसेनाची आई आपल्याला क्षणभर दिसते. बस्स, एवढंच. त्या क्षणभर दिसणाऱ्या बाईला सावंतांनी पुस्तकाचा अख्खा भाग दिला. ही कल्पनेची ताकद. जिला कुणी बोलू दिलं नव्हतं, ती बोलू लागते.

दुसरं उदाहरण स्वयंवराचं. द्रौपदीनं भर सभेत ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असं म्हटलं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात हा नकार नाही, कारण तो सगळ्या जुन्या पोथ्यांत सापडत नाही. म्हणजे ज्या एका वाक्यावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या द्रौपदीला गर्विष्ठ ठरवलं, ते वाक्य मागाहून आलेलं असण्याचा संभव मोठा आहे.

हे कळल्यानं कादंबरीची गोडी कमी होत नाही. पण एखाद्या बाईला नावं ठेवण्याआधी आपण जरा थांबतो. आणि ही सवय गावातही उपयोगी पडते.

पहिला प्रश्न: ‘मृत्युंजय’मधलं नेमकं काय आवडलं?

पुढचं पुस्तक ठरवण्याआधी एका बैठकीत गोल बसा आणि प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगा, ‘मला यातलं काय लक्षात राहिलं.’ उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात.

काहीजणी म्हणतात, “सगळे आपापल्या तोंडानं बोलतात ते आवडलं.” ‘मृत्युंजय’ नऊ भागांत आहे आणि त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहाजण बोलतात. एकच घटना, पण सांगणारा बदलला की तिचा रंग बदलतो. घरातल्या भांडणात सासूचं ऐकावं, मग सुनेचं ऐकावं, तसं.

काहीजणींना कुंती लागते. शूर राजाची ही लेक पृथा. बापानं ती कुंतिभोजाला दिली, आणि पृथा होती ती कुंती झाली. लग्नात नाव बदललेल्या कितीतरी बायका आपल्या गटात आहेत. माहेरी एक, सासरी दुसरं, आणि रेशनकार्डावर तिसरंच. तिनं मूल पेटीत घालून पाण्यात सोडलं, हे ऐकताना कुणी तिला शिव्या घालतं, कुणी गप्प बसतं. त्या गप्प बसणाऱ्यांना बाईचं मन उलगडणारं पुस्तक हवं असतं.

आणि काहीजणी म्हणतात, “कर्णावर अन्याय झाला, तरी तो शब्दाला जागला.” त्यांना पराक्रमाची आणि दुःखाची गोष्ट हवी. अंगावर काटा आला पाहिजे.

आता या उत्तरांकडे बघा. पहिल्या दोन तऱ्हांच्या बायका जास्त असतील, तर तुमची वाट ‘युगंधर’कडे जाते. तिसऱ्या तऱ्हेच्या जास्त असतील, तर ‘छावा’कडे. का, ते सांगते.

‘छावा’ घ्यायचं असेल तर

‘छावा’मध्ये निरनिराळी पात्रं पाळीपाळीनं बोलत नाहीत. लेखक गोष्ट सांगत जातो, आणि आपण शंभूराजांच्या मागोमाग चालतो. सुरुवात पुरंदरावर, १६५७ साली. दोन वर्षांचं पोर असताना आई, सईबाई, गेली. कापूरहोळच्या धाराऊनं दूध पाजून वाढवलं. नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याला जाणं झालं. पुढे घरातला बेबनाव, १६७८ मध्ये दिलेरखानाकडे जाणं आणि तिथून परत येणं. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले, १६८१ मध्ये रायगडावर राज्याभिषेक. आणि १६८९ मध्ये संगमेश्वरला कैद, मग तुळापूर. शेवटची पानं मोठ्यानं वाचायला छाती लागते. लहान मुलं मांडीवर असतील, तर तो भाग वेगळ्या वेळी वाचा. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, तिथल्या बाईलाही आधी कल्पना द्या.

या पुस्तकाचं एक मोल ध्यानात घेण्यासारखं आहे. एकेकाळी बखरींनी आणि नाटकांनी संभाजी महाराजांची प्रतिमा व्यसनी, बेफिकीर राजपुत्राची करून ठेवली होती. मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. मग १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. एका बाईनं इतिहास संशोधनात केलेलं हे मोठं काम, आणि आपल्या मुलींना ते नाव माहीत असावं. या संशोधनानं चित्र बदललं, आणि ‘छावा’ कादंबरीनं ते बदललेलं चित्र घराघरांत नेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत याच कादंबरीवरचा हिंदी सिनेमा आला, त्यामुळे आता पुस्तकाला मागणी पुन्हा वाढली आहे.

पण सिनेमा बघून पुस्तक घेणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळायच्या.

एक म्हणजे कादंबरीतला फितूर आणि आपल्या गावातलं आडनाव. गोष्टीत ज्याला दगलबाज रंगवलेलं असतं, त्याचं आडनाव लावणारी सून आपल्याच गटात बसलेली असते. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसावरून तिला टोमणा मारला, तर ती पुढच्या बैठकीला येणार नाही, आणि तिची बचतही थांबेल. तसंच आपल्या मुस्लिम बहिणींचं. औरंगजेबाचा जुलूम हा औरंगजेबाचा. त्याचं ओझं आपल्या शेजारणीच्या डोक्यावर ठेवायचं कारण नाही. त्या काळाचा इतिहासही इतका सोपा नव्हता. मोगलांच्या फौजेत मराठे आणि राजपूत सरदार होते, आणि खुद्द औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाशी बंड करून १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता.

दुसरी गोष्ट येसूबाईंची. महाराज गेल्यावर पुस्तक संपतं, येसूबाईंचं आयुष्य संपत नाही. रायगडाला वेढा पडलेला असताना त्यांनी स्वतःच्या लहानग्या मुलाऐवजी दिराला, राजाराम महाराजांना, पुढे केलं आणि त्यांना गडाबाहेर काढलं. गड पडल्यावर त्या मुलाला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. मुलगा, म्हणजे शाहू महाराज, १७०७ मध्ये सुटला. येसूबाई १७१९ मध्ये सुटल्या. तीस वर्षं! आपल्यापैकी काहींचं अजून तेवढं वयही नाही. ‘छावा’ वाचलं, तर शेवटच्या पानावर थांबू नका. त्या दिवशी अर्धा तास फक्त येसूबाईंवर बोला. राज्य वाचावं म्हणून कुणी मान दिली आणि कुणी आयुष्य दिलं, दोन्ही मोजा.

भाषेचंही सांगते. ‘छावा’त दरबारी शब्द पुष्कळ. खलिता, मुजरा, हेजीब, सुरनीस असे शब्द येत राहतात. घाबरू नका. एक शब्दवही ठेवा आणि अडलेला शब्द लिहा. शाळेतल्या मुलीला ते काम द्या, ती खुशीनं करते. शिवाय सारा, वतन, पाटीलकी, मोकदम हे शब्द म्हाताऱ्या बायकांना अजून माहीत असतात. तिथे त्या शिक्षिका होतात आणि आपण विद्यार्थिनी.

‘युगंधर’ घ्यायचं असेल तर

‘युगंधर’ची बांधणी ‘मृत्युंजय’सारखी आहे. इथे सातजण बोलतात: श्रीकृष्ण, रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव. सातांत दोन बायका, एक रथ हाकणारा सारथी. म्हणजे राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरून आणि घोड्यांच्या पागेतूनही एकच माणूस दिसतो.

रुक्मिणी तर आपलीच लेक. ती विदर्भाची राजकन्या. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर मानतात, आणि तिथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. भावानं ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिनं कृष्णाला निरोप पाठवला आणि आपलं लग्न आपण ठरवलं. भागवतात तिचा हा निरोप सात श्लोकांचा आहे. पुढे एकनाथ महाराजांनी त्यावर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. लग्न ठरावं म्हणून ते वाचायला मुलींना अजून सांगतात. जिनं घरच्यांनी ठरवलेलं मोडलं, तिचंच आख्यान चांगलं स्थळ यावं म्हणून वाचायचं, ही गंमत कधी लक्षात आली होती का? सावंतांनी तिला पुन्हा नव्यानं बोलतं केलं आहे. म्हणजे भागवतातली एक, एकनाथांची एक, कादंबरीतली एक, आणि विटेवरच्या विठ्ठलाशेजारची आपली रखुमाई. चौघी एकच आणि चौघी वेगळ्या. गटात यावर फार छान बोलणं होतं, कारण प्रत्येकीकडे तिची एक रखुमाई असतेच.

द्रौपदीचा भागही तसाच. नवरे पाच, पण अडचणीत हाक मारायला सखा एक. नातं नवऱ्याचं नाही, भावाचंही पुरतं नाही, पण भरवशाचं. अशा नात्याला आपल्याकडे नाव नाही, म्हणून त्यावर बोलायला बायका आधी बिचकतात आणि मग थांबत नाहीत.

आता अडचण सांगते. सावंतांनी ‘युगंधर’मध्ये चमत्कारांची पुटं बाजूला सारून कृष्णाला माणूस म्हणून उभं केलं आहे. ज्या मावशी रोज हरिपाठ म्हणतात, त्यांना पहिल्या काही पानांत चुकल्यासारखं वाटू शकतं. “आमचा देव कुठे गेला?” असं त्या विचारतील. हा प्रश्न दाबू नका. त्यांना आधीच सांगा, “मावशी, ही पोथी नाही, कादंबरी आहे. पोथी देवघरात आहेच. एका लेखकाला कृष्ण कसा दिसला, ते आपण ऐकू.” एवढं सांगितलं की बहुतेक मावश्या सावरून बसतात, आणि मग सगळ्यांत चांगले प्रश्न त्यांच्याकडूनच येतात.

राधेचंही असंच. कृष्णाची सखी राधा हे नाव महाभारतात नाही, भागवतातही नाही. ती पुढच्या काळातल्या कवींनी आणि भक्तांनी आणली. पण महाभारतात एक राधा आहे बरं का! ती कर्णाची पाळणारी आई, अधिरथाची बायको. म्हणून तर कर्ण राधेय. ‘मृत्युंजय’ वाचलेल्यांना ते माहीत असेल. दोन राधा वेगळ्या आहेत, एवढं पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे घोटाळा होत नाही.

दुसरा प्रश्न: हप्ता किती पडेल?

कर्ज घेताना आपण रक्कम बघत नाही, हप्ता बघतो. पुस्तकाचंही तसंच करा. आधी पानं मोजा.

सावंतांच्या पानावर मजकूर दाट असतो. मोठ्यानं, सगळ्यांना कळेल असं एक पान वाचायला साधारण तीन मिनिटं धरा. अर्ध्या तासात दहा पानं. आठवड्यातून एकदा बसलात, तरी पेरणी, सुगी, लग्नसराई आणि सणवार वगळून वर्षाचे चाळीसच आठवडे हाती लागतात. म्हणजे वर्षाला चारशे पानं. पुस्तक आठशे पानांचं असेल, तर दोन वर्षं लागतील. महिन्याला एकदाच बसत असाल, तर हिशेब न केलेलाच बरा!

मग काय, मोठं पुस्तक सोडून द्यायचं? नाही. हप्ता बदलायचा. ज्यांना वाचता येतं त्यांनी काही भाग घरी वाचून यायचा आणि बैठकीत तोंडी सांगायचा. महत्त्वाचे प्रसंग मात्र सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं वाचायचे. इथे ‘युगंधर’ सोपं पडतं. सात आवाज सात बायकांना वाटून देता येतात. जिच्याकडे दारुक, तिनं दारुकाचा भाग वाचून येऊन सांगायचा. ‘छावा’त एकच धागा सलग चालतो, त्यामुळे मधला भाग ज्यांचा बुडला त्यांना पुढे जुळत नाही. म्हणून ‘छावा’ घेणाऱ्या गटानं दर बैठकीला पहिली पाच मिनिटं ‘मागे काय झालं’ यासाठी ठेवावीत. हे काम जिला वाचता येत नाही तिला द्या. तिची आठवण वाचणाऱ्यांपेक्षा पक्की असते, हे मी पाहिलं आहे.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असंही नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वयाचा. सरकारचं अनुदान मिळणारी वाचनालयं खेड्यांतही आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या गावातल्या वाचनालयात एकीनं वर्गणी भरून सभासद व्हा, आणि हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना लेखी मागणी द्या. दहा बायकांच्या सह्या असलेला अर्ज कुणी सहसा बाजूला टाकत नाही. विकत घ्यायचं ठरलं, तर गटाच्या ठरावात तसं लिहा आणि पुस्तक कुणाच्या ताब्यात राहील तेही लिहा. एकाच घरी राहिलेलं पुस्तक हळूहळू त्याच घरचं होतं.

तिसरा प्रश्न: लगेच दुसरं जाड पुस्तक हवंच का?

आवडत्या लेखकाचं एक पुस्तक संपलं की दुसरं लगेच उघडावंसं वाटतं. पण पुरणपोळीवर लगेच श्रीखंड बसत नाही. मध्ये ताकाची वाटी लागते. दोन मोठ्या कादंबऱ्यांच्या मध्ये एखादं लहान पुस्तक घ्या.

त्यासाठी माझ्याकडे एक नाव आहे, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. ही कादंबरी नव्हे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत. कुंती, गांधारी, द्रौपदी आणि कर्णावरही स्वतंत्र लेख आहे. पुस्तक लहान, आणि एक लेख दोन-तीन बैठकींत होतो. हेही १९६७ मध्येच आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच साली एका लेखकानं कर्णाला डोक्यावर घेतलं आणि एका अभ्यासक बाईनं त्याच कर्णाला उभं करून कठीण प्रश्न विचारले. दोन्ही वाचल्यावर आपलं मत आपलं होतं. कुणीतरी रडवलं म्हणून आपण रडलो, असं राहत नाही.

कर्णातून बाहेरच पडायचं नसेल, तर रणजित देसाई यांचं ‘राधेय’ आहे, १९७३ चं. विषय तोच, पण आकारानं आटोपशीर. एकच माणूस दोन लेखकांना कसा वेगळा दिसतो, ते तिथे कळतं.

मग माझं मत काय?

फक्त ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून सुटणं बरोबर नाही, म्हणून स्पष्ट सांगते.

तुमचा गट ‘मृत्युंजय’नंतर नुकताच वाचनात रुळत असेल, वाचू शकणाऱ्या चार-पाचजणी असतील, आणि कुंती-वृषालीच्या भागांवर जास्त बोलणं झालं असेल, तर आधी ‘युगान्त’मधले दोन लेख घ्या आणि मग ‘युगंधर’. ओळखीची माणसं, ओळखीची बांधणी, आणि आवाज वाटून घेता येतात.

गटात मुलं-मुली, सासरे-दीर यांनाही ऐकायला बसवायचं असेल, शिवकाळाची ओढ असेल, आणि वाचणारी एखादी दमदार आवाजाची असेल, तर ‘छावा’ घ्या. पण येसूबाईंसाठीचा अर्धा तास आधीच ठरवून ठेवा, आणि आडनावांवरून कुणाला बोलायचं नाही हा नियमही पहिल्या दिवशीच करा.

आणि दोन्हीपैकी कोणतंही घेतलंत, तरी एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा ‘जुन्या ग्रंथात किंवा कागदात आहे’, दुसऱ्यात ‘लोक सांगत आले’, तिसऱ्यात ‘लेखकानं रचलं’. वाचताना शंका आली की ती गोष्ट कोणत्या रकान्यात जाईल यावर बोला. कळलं नाही तर मोकळी जागा सोडा आणि शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना किंवा वाचनालयात विचारा. सहा महिन्यांनी ती वही उघडून बघा. मोबाईलवर कुणी ‘हा खरा इतिहास, दहाजणांना पाठवा’ असं पाठवलं की तुमच्या गटातली बाई आपोआप विचारेल, “हे कोणत्या रकान्यातलं?” तो प्रश्न विचारता आला, की पुस्तकासाठी घातलेला वेळ वसूल झाला म्हणायचा.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, हात वर करून ठरवा आणि इतिवृत्तात पुस्तकाचं नाव लिहा. कर्जाच्या आकड्यांमध्ये एखाद्या पुस्तकाचं नाव आलेलं इतिवृत्त फार शोभून दिसतं.